वाराचा रकाना

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

मशीन आज चार वेळा हँग झालं. हा शब्द मी आजच शिकले. गिरधर सर तो इतक्या लाडाने उच्चारतात, की घरच्या मांजराचं नाव वाटावं. पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं आणि तिथेच बसून राहतं. माऊस सरकवा, बाण हलत नाही. बटणं दाबा, आतून नुसती चिवचिव. शेवटी तीन बटणं एकदम दाबायची, सगळं बंद पाडायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

धुळ्यापासून जळगावपर्यंत असा चौक नाही जिथे मी बोलले नाही. दगडफेकीत बोलले आहे, पावसात बोलले आहे, लाऊडस्पीकर बंद पडल्यावर उघड्या आवाजात दोन हजार माणसांपुढे बोलले आहे. आणि आज एका पेटीपुढे चार तास तोंड मिटून बसले.

ही वही आजपासून पुन्हा लिहायला घेते आहे, कारण ७ मार्चला जळगावात चौकशी समितीपुढे सुनावणी आहे आणि बरोबर एक महिना उरला आहे. दिवाळी होताच जीनमालकांनी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या मालकांनी, बारा बायकांना कामावरून काढलं. कारण दिलं : खोकला, दम, कामास अयोग्य. आमचं म्हणणं, हा खोकला जीनमध्ये उडणाऱ्या कापसाच्या धुळीचा आहे. त्यांना कामावर परत घ्या आणि धूळ ओढणारे पंखे बसवा. मालकांचं म्हणणं, खोकला घरचा आहे, चुलीच्या धुराचा. गेल्या खेपेला समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, भाषण उत्तम झालं. आता आकडे आणा."

म्हणून आकडे. सात गावं, अकरा जीन, आठशे सेहेचाळीस बायका. प्रत्येकीचा एक फॉर्म. ते सगळे मी शिकवते त्या महाविद्यालयाच्या ऑफिसातल्या प्रमिलाबाईंनी गेल्या दोन महिन्यांत मशीनमध्ये भरले. आता एक तक्ता काढायचा आहे, किती वर्षं काम आणि काय त्रास. फक्त एक तक्ता. मेनूतून दोन नावं निवडायची, बटण दाबायचं, आणि वाळूचं घड्याळ.

९ फेब्रुवारी, बुधवार

गिरधर सर संगणक केंद्राचे प्रमुख. शिकवतात वाणिज्य. केंद्राबाहेर चपला काढायला लावतात, आत देवघरासारखं हळू बोलतात. आज मी मशीनवर ओरडले, तेव्हा ते दारातून म्हणाले, "कुंदाताई, त्याच्यापुढे भाषण देऊन काय उपयोग? त्याला मतदानाचा हक्क नाही."

मी म्हटलं, "तुमच्या व्होल्टेजचा दोष आहे."

"माझं व्होल्टेज? मी काय वीज मंडळ आहे?"

तरी नवा स्टॅबिलायझर लावला. दुपारी तीन वेळा हँग.

मग त्यांनी माऊस उघडला. आतल्या गोळीला कापसाचे तंतू चिकटलेले निघाले. फॉर्मांना लागून आले असणार. जीनमध्ये भरलेला प्रत्येक कागद केसाळ झाला आहे. गिरधर सर आनंदले, "हे घ्या! तुमच्या मशीनलाही तोच आजार!" गोळी पुसली. बाण सुंदर पळाला, थेट त्या बटणापर्यंत. मग वाळूचं घड्याळ.

प्रमिलाबाई काही म्हणत होत्या, पण मला तासाला जायचं होतं.

१० फेब्रुवारी, गुरुवार

या फॉर्मांविषयी लिहून ठेवते, कारण माझा सगळा अभिमान त्यांत आहे.

नोव्हेंबरच्या बैठकीत प्रमिलाबाईंनी सुचवलं होतं, त्रासांना आकडे देऊ. खोकला एक, दम दोन, ताप तीन. मी उभी राहिले आणि अर्धा तास बोलले. म्हटलं, ज्या बाईला जन्मभर कोणी विचारलं नाही तिला आज विचारायचं, आणि तिच्या उत्तराच्या जागी दोनचा आकडा लिहायचा? मालक तिला हजेरीचा नंबर देतो. आपणही नंबरच देणार? तिचं वाक्य, तिच्या शब्दांत, तिच्या बोलीत, जसंच्या तसं! टाळ्या थांबेनात. प्रमिलाबाईही वाजवत होत्या.

मशीनला देवनागरी येत नाही, हा त्याचा अडाणीपणा. म्हणून प्रमिलाबाईंनी आठशे सेहेचाळीस वाक्यं रोमन लिपीत बसवून टाईप केली. अहिराणी, रोमन लिपीत! पण एक शब्द बदलला नाही.

मी मूळ कागद वाचत बसते. फॉर्म नंबर एक झुंबरबाईचा. अठरा वर्षं जीनवर कवडी वेचते, म्हणजे पांढऱ्या कापसातून डागाळलेला कापूस वेगळा काढते. काढलेल्या बारा जणींत तीही. तिचं वाक्य : "बाजारना दुसरा दिन छातीवर पाटा ठेवेल वाटस." पाटा! मसाला वाटायचा दगडी पाटा. कुठल्या शिकलेल्या माणसाला ही प्रतिमा सुचेल? चाळीसगावच्या एकीचं : "बाजार झाया का दुसरा रोज सास पुरस नही." श्वास पुरत नाही. आणखी एकीचं : "सुटी खाईसन उनी का गळा आवळाई जास." गळा आवळला जातो. मी ही वाक्यं समितीपुढे अशी म्हणेन की भिंतींना घाम फुटेल.

फक्त शेजारी एक तक्ता पाहिजे.

१४ फेब्रुवारी, सोमवार

जळगावहून इंजिनिअर आला. कोरी इस्त्री, खिशात दोन पेनं. व्हायरस शोधला, मिळाला नाही. सगळं पुसून तक्ते काढायचं पॅकेज नव्याने टाकलं. अकरा फ्लॉप्या. सातवी वाचेना. तो ती शर्टाला पुसून पुन्हा घाली, आम्ही श्वास रोखून. पाचव्यांदा वाचली.

पाच वाजता सगळं तयार. त्याने सरावासाठी पॅकेजबरोबर आलेली परदेशी माहिती उघडली, गाड्यांची वजनं की काय. तक्ता चुटकीसरशी आला. "बघा मॅडम, मशीन ठणठणीत आहे."

मग आमची माहिती. वाळूचं घड्याळ.

तो म्हणाला, "तुमच्या डेटात काहीतरी आहे."

मला संताप आला. गाड्यांची वजनं चालतात आणि माझ्या बायकांची वाक्यं चालत नाहीत! मी त्याला सुनावलं, की हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांनी जीनमध्ये उभी असलेली बाई कधी मनातच आणलेली नाही, ते तिला बघून गप्प बसणारच. तो चहा न घेता गेला. प्रमिलाबाई कप परत घेऊन गेल्या.

१६ फेब्रुवारी, बुधवार

झुंबरबाई घरी आली. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दिवाळीच्या सुमाराला ती जिन्यात तीनदा बसली होती, आज सरळ वर आली आणि दारातच म्हणाली, "काय अक्का, तुनं यंत्र बोलनं का?"

"अजून नाही."

"तू बोलू देस तं बोली ना!" आणि हसली. वाटाण्याच्या शेंगा आणल्या होत्या, सोलत बसली. जीन सुटल्यापासून शेतात निंदायला जाते, पण ते काम रोज मिळत नाही, आणि महिन्याभरात तेही संपेल. थोरलीचं लग्न वैशाखात आहे. "जीनवर परत ली लेतीन ना अक्का?" असं तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, घ्यावंच लागेल त्यांना.

बसली तेवढ्या दोन तासांत एकदाही खोकली नाही. मला काळजी वाटली. आठवड्यागणिक तिचा खोकला कमी होतो आहे. समितीपुढे बारा ठणठणीत बायका उभ्या केल्या तर आमचं काय राहील? मी म्हटलंदेखील, "झुंबरबाई, सुनावणीला खोकशील ना गं?"

"खोकला का घरना गडी शे, बलावा का यी?"

दोघी हसलो. ती गेल्यावर मला माझी लाज वाटली, पण काळजी गेली नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

दोन ठिकाणी भाषणं. दोन्हीकडे टाळ्या. घरी आले तेव्हा वाटलं, मी नाणं वाजवते आहे, पण बाजारात ते चालत नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

पॅकेजचं पुस्तक वाचून काढते आहे. सहाशे पानं इंग्रजी. मी याहून जाड ग्रंथ पचवले आहेत, पण त्यांत कोणीतरी काहीतरी म्हणत असे. इथे कोणीच काही म्हणत नाही. हे दाबा, ते उघडेल. 'हँग झाल्यास' असं प्रकरणच नाही. लिहिणाऱ्याला तशी शंकाच आली नाही, किंवा आली आणि त्याने लपवली.

आज प्रमिलाबाईंनी स्वतःहून एक गोष्ट केली. आठशे सेहेचाळीसपैकी फक्त चाळीस फॉर्म घेतले आणि तक्ता मागितला. आला! मी खुर्चीवरून उठले. पण तक्ता कसला, नुसती यादी. चाळीस वाक्यं एकाखाली एक आणि प्रत्येकीपुढे : १, १, १, १, १.

"मॅडम," प्रमिलाबाई म्हणाल्या, "प्रत्येकीपुढे एकच येतोय. मला वाटतं, प्रत्येक वाक्य वेगळं असल्यामुळे..."

"प्रत्येक बाई वेगळीच आहे, प्रमिलाबाई! तेच तर मी ओरडून सांगते आहे! चाळीस आले म्हणजे आठशे सेहेचाळीसही येतील. मेमरी वाढवा म्हणावं गिरधर सरांना."

त्या "बरं" म्हणाल्या. फार कमी बोलतात या बाई. अशा माणसांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, आत काही चाललेलं असतं की नाही.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

मेमरी वाढवायला मुंबईहून सामान यावं लागेल, महिना लागेल. गिरधर सरांनी हात वर केले. सोमवारी, २८ तारखेला, कागद दाखल करायची शेवटची मुदत. त्यानंतर नवा कागद घेतला जाणार नाही, असं पत्रात ठळक लिहिलं आहे.

मी आज मशीनपुढे रडले. प्रमिलाबाईंनी पाहिलं आणि खिडकीचा पडदा नीट करायला उठल्या.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरा एखादा रकाना चालेल का? वाराचा?" फॉर्मात शेवटी एक बारीक प्रश्न होता, कोणत्या वारी जास्त त्रास होतो. मी तो घातला होता तो केवळ पाहणीच्या पुस्तकांत असतो म्हणून. वारांना एक ते सात आकडे होते. तिथे मी वाद घातला नव्हता. प्रमिलाबाईंनी तो रकाना निवडला, बटण दाबलं. वाळूचं घड्याळ आलंसुद्धा नाही. तक्ता समोर.

सोमवार ११८, मंगळवार १२४, बुधवार १२१, गुरुवार ११९, शुक्रवार १२३, शनिवार १२०, रविवार १२१.

मी आकडे बोटाने एकेक करून वाचले. सगळे वार सारखे! मग एकदम उजेड पडला. आठवड्याचा एकही दिवस सुटका नाही! सातही दिवस यातना! यापेक्षा मोठा पुरावा कोणता? प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "सारखे कसे आले, मॅडम? गाववार बघू या का?" मी म्हटलं, आता फोड करून जोर कमी करायचा नाही. छापा.

प्रिंटरचा तो करकर आवाज मला सनईसारखा वाटला.

२८ फेब्रुवारी, सोमवार

जळगावला जाऊन दाखल केलं. तक्ता एक पान, आणि माझं निवेदन तीस पानं. निवेदनाचं शीर्षक 'सातही दिवस'. समितीच्या कारकुनाने शिक्का मारला. मालकांचे वकील मोतीलालजी तिथेच होते, त्यांनी आपली प्रत घेतली, तक्ता वाचला, पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "वा ताई. मेहनत दिसते." फार सभ्य माणूस. विरोधकालाही सत्यापुढे मान तुकवावी लागते ती अशी.

५ मार्च, शनिवार

फॉर्मांच्या गठ्ठ्यात आज एक चिठ्ठी सापडली. प्रमिलाबाईंचं अक्षर, तारीख २५ फेब्रुवारीची. आठ दिवस ती तिथे होती. इथे तशीच उतरवते.

'मॅडम, रागावू नका. तोंडी सांगायला जमलं नाही म्हणून लिहिते. मशीन बिघडलेलं नाही. ते मोजतंय. आपण त्याला सांगतो, सारखी उत्तरं एकत्र कर. ते झुंबरबाईंचं वाक्य घेतं, दुसऱ्या आठशे पंचेचाळिसांशी जुळवतं, एकही जुळत नाही. मग दुसरं घेतं. प्रत्येकीसाठी वेगळा रकाना आखतं. आठशे सेहेचाळीस रकाने आखताना त्याची जागा संपते. त्याला कळत नाही की पाटा आणि गळा आवळणं एकच. ते माणसालाच कळेल. कोणीतरी बसून वाक्यांचे ढीग करायला हवेत. मी करते, पण तुमची परवानगी हवी, कारण नोव्हेंबरात तुम्ही नको म्हणाला होता. आणि वाराचंही एकदा गाववार बघा. प्रमिला.'

मी चिठ्ठी हातात घेऊन ऑफिसात गेले. त्या पावत्या फाडत होत्या. म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले होते, मॅडम." एवढंच.

मी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हटलं, "उद्या रविवार. ढीग करू या."

६ मार्च, रविवार

झुंबरबाईच्या अंगणात बसलो. बारापैकी नऊ जणी आल्या. प्रमिलाबाईंनी घरून सतरंजी आणि दगड आणले, कागद उडू नयेत म्हणून. ठरलं असं : मी वाक्य वाचायचं, बायकांनी सांगायचं कुठल्या ढिगात. मी मनात ढीग योजले होते, खोकला, दम, छाती.

पहिली दहा वाक्यं झाली आणि झुंबरबाई म्हणाली, "अक्का, थांब. तू कापूस चुकीना पसारी ऱ्हायनी." तिने माझे तिन्ही ढीग एकत्र केले. "खोकला का, दम का, बठ्ठं एकच शे. कवय व्हस ते आयक." केव्हा होतं, ते. आणि दोनच ढीग केले. उजवीकडे एक, डावीकडे एक. कवडी वेचावी तसे तिचे हात चालले. मी वाचायची आणि बायका हाताने दाखवायच्या, तोंडाने नाहीच. बाजारना दुसरा दिन, उजवीकडे. सुटी खाईसन उनी का, उजवीकडे. बाजार झाया का, उजवीकडे. मी कितीतरी वेळा वाचलेली, कौतुकाने पाठ केलेली वाक्यं. पाटा मला दिसला होता. त्याच्या आधीचे तीन शब्द मी सभेत सूर लावण्यापुरते वापरणार होते.

दुपारी तीनला संपलं. उजवीकडे, बाजाराच्या दुसऱ्या दिवसाच्या ढिगात, पाचशे अकरा.

"पण मग वार सगळे सारखे कसे आले?" मी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण तोंडाला पदर लावून हसली. झुंबरबाई लहान पोरीला सांगावं तशी म्हणाली, "अक्का, सात गावना सात बाजार. बाजारना दिन जीनले सुटी. व्यापारी तेच, रोज नवं गाव. मंग दुसरा दिन बी गावेगाव न्यारा नही का? वार कोन मोजस व? आमी बाजार मोजतस."

सुटीच्या दिवशी छाती मोकळी होते, कामावर परत आलं की आवळते. चूल तर सुटीच्या दिवशीही पेटतेच. हाच तो पुरावा. आणि मी सात गावांचे वार एकात एक ओतून तो सपाट करून, शिक्का मारून, दाखल केला आहे.

प्रमिलाबाई एवढंच म्हणाल्या, "सकाळी लवकर केंद्र उघडते. गाव आणि वार. दोन्हींना आकडे आहेत, अडणार नाही."

७ मार्च, सोमवार

सकाळी सातला गिरधर सर स्वतः किल्ली घेऊन आले, चपला काढायला सांगायचंही विसरले. प्रमिलाबाईंनी मेनूतून गाव निवडलं, वार निवडला. तक्ता यायला चार सेकंद लागले. सात ओळी, सात रकाने, आणि वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत मोठे आकडे तिरके उतरत गेलेले, गावागणिक वार बदलत, जिना असावा तसे. "आयला," गिरधर सर म्हणाले. त्यांच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. एवढा महिना हे मशीन हे सांगायला तयार बसलं होतं. कोणी विचारलं नव्हतं.

साडेआठची एसटी पकडून बायकांसह जळगाव. दोनला सुनावणी.

मोतीलालजींनी माझाच कागद उघडला. आवाज अजिबात चढवला नाही. "कुंदाताईंचा तक्ता मी मान्य करतो, अध्यक्ष महाराज. त्रास सातही दिवस सारखा. आता जीनला आठवड्यातून एक दिवस सुटी असते. धुळीचा त्रास असता तर तो सुटीनुसार कमीजास्त झाला असता. तसं काहीच नाही. मग रोज, सातही दिवस, सारखी पेटणारी गोष्ट कोणती? चूल. त्यांचं शीर्षकच बघा ना."

मी नवा तक्ता पुढे केला. अध्यक्ष म्हणाले, मुदत संपली. मी म्हटलं, चार सेकंदांचं काम आहे, बघा तरी. ते म्हणाले, बाई, चार सेकंदांचं होतं तर आधी का नाही केलंत?

मी तक्ता पिशवीत परत ठेवला.

समितीत एक म्हातारे डॉक्टर आहेत. त्यांनी झुंबरबाईला पुढे बोलावलं. ती दोन मजले चढून आली होती, श्वास शांत. त्यांनी विचारलं, काम सुटून किती दिवस? ती म्हणाली, दिवाळीपासून. आता खोकला? "नही, डाक्टरसाहेब. जीन सुटनं, खोकला सुटना." डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मोतीलालजी हसून म्हणाले, "म्हणजे बाई ठणठणीत आहेत. मग तक्रार कसली?" आणि सभागृह हसलं.

एवढे दिवस तिचा खोकला कमी होतो म्हणून मी घाबरत होते. तो थांबलेला खोकलाच तर सगळ्यांत मोठा साक्षीदार होता, माझ्या घरात वाटाणे सोलत बसलेला. मी त्याला खोकायला सांगितलं.

परतीच्या एसटीत पारोळ्याला झुंबरबाईने मला भेळ दिली. "खाय अक्का. गळा सुकना व्हई." मी दिवसभरात चार वाक्यं बोलले नव्हते.

२१ मार्च, सोमवार

निकाल टपालाने आला. अर्ज नामंजूर. 'अर्जदारांनीच सादर केलेल्या तक्त्यावरून त्रास सर्व दिवशी समान असल्याचे दिसते.' शेवटी डॉक्टरांचा तीन ओळींचा वेगळा शेरा : पुढील हंगामात गाव व आठवडी सुटी यांनुसार नव्याने पाहणी झाल्यास विचार व्हावा.

प्रमिलाबाई संध्याकाळी कोरा कागद घेऊन घरी आल्या. नवा फॉर्म आखायला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बाजारानंतर कितवा दिवस. काय होतं, हे बाईच्या शब्दांत. आणि शेजारी लहान चौकोन, आकड्यासाठी. मी वाद घातला नाही.

फॉर्म होतो आहे तोच झुंबरबाई आली. मी तिला निकाल वाचून दाखवला, आणि दोष माझ्या तक्त्याचा आहे हेही सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तिने विचारलं, "मंग आमले परत लेतंस नही ना?"

"नाही."

तिने पदर नीट खोचला. मग म्हणाली, "मी चाळीसगावना पलीकडे एक जीनवर काम देखी लिधं. तठे माले कोनी वळखत नही. अजून महिनाभर चाली जीन. लगीन शे ना पोरनं."

"कधीपासून?"

"सकायपासून." म्हणजे उद्यापासून. "आज तठला बाजार शे, म्हनीसन सुटी."

मी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बोलायला भाषणं होती, शेकड्याने. जाऊ नकोस म्हणायला मात्र तिच्या हातात ठेवण्यासारखं दुसरं काम हवं होतं, ते माझ्याकडे नव्हतं. दिवाळीपासून मोकळी झालेली ती छाती उद्या सकाळी पुन्हा त्या धुळीत जाणार, आणि त्या क्षणी मला नेमकं माहीत होतं की संध्याकाळी तिला काय होईल.

तिनेच कोरा फॉर्म ओढून घेतला. "हाऊ नवा कागद शे ना? लिख मग. पहिला मना."

मी लिहिलं. फॉर्म नंबर एक. झुंबरबाई. कवडी वेचणे, अठरा वर्षे. बाजारानंतर कितवा दिवस : पहिला. काय होतं, हा रकाना मोकळा सोडला.

उद्या संध्याकाळी एसटीने तिथे जाऊन विचारायचं आहे.